आरशात माणूस नव्हता

साहेब माझ्या दारावर हात आपटत होता. "घे मागे! अरे, घे ना मागे!"

मी ब्रेक दाबून बसलो होतो. डावीकडच्या आरशात सुदाम दिसत नव्हता. सुदाम दिसत नाही तर गाडी हलणार नाही. विषय संपला. साहेबाचा मात्र सुरू झाला होता.

एका केमिकल कारखान्याच्या फायर स्टेशनवर मी एकोणतीस वर्षं गाडी चालवली. नाव सांगत नाही. आसपासच्या गावात आग लागली की तिकडेही आम्हीच जायचो. त्या दुपारी दिघीच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात होड्या दुरुस्त करायची शेड पेटली होती. आत एक फायबरची होडी आणि रेझिनचे डबे. धूर असा काळा की बघवत नव्हतं.

लोकांना वाटतं फायरची गाडी तोंड पुढे करून आगीवर जाते. आमच्या गाडीचा पंप मागे होता. होज, म्हणजे पाण्याचा पाइप, तिथेच जोडायचा. म्हणून बूड आगीकडे आणि तोंड पळायच्या रस्त्याकडे. त्यात ती गल्ली पुढे जेटीवर संपते, वळायला जागा नाही. म्हणजे रिव्हर्सच. पोटात साडेचार हजार लिटर पाणी. ब्रेक मारला तरी आतलं पाणी हेलकावतं आणि गाडी हातभर जास्त सरकते. माणूस त्या हातभरातच मरतो.

म्हणून मागे एक माणूस उभा करतात. आमच्या गाडीवर तो सुदाम. तो हाताने खूण करणार, मी आरशात त्याचा हात बघणार. आवाज ऐकायचा नाही. का, तर आपल्याकडची खोड. कुठलीही गाडी रिव्हर्सला लागली की टपरीवाल्यापासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळे "येऊ दे, येऊ दे" ओरडायला लागतात. कोणी सांगितलेलं नसतं. एकाने पत्र्यावर थाप मारली की दुसरा मारतो. ओरडणाऱ्याला चाक दिसतं का? काही दिसत नाही. पण ओरडायचं.

तर साहेबाने सुदामला होज ओढायला पळवलं आणि मला म्हणाला, घे मागे.

"सुदाम कुठाय?" मी विचारलं.

"होजवर आहे. तू घे."

"मग दुसरा माणूस द्या."

"तीस माणसं येऊ दे म्हणतायत! अजून कोण पाहिजे तुला, ब्रह्मदेव?"

"ब्रह्मदेव नको. सुदाम पाहिजे."

साहेब नवा होता. डिग्रीवाला. सगळ्यांसमोर म्हणाला, "म्हातारा टरकला." पोरं हसली. त्यातली अर्धी मोबाइलवर आग शूट करत होती. येऊ दे म्हणत होती आणि बघत होती आगीकडे.

मी हँडब्रेक ओढला, चावी काढली आणि खाली उतरलो. मागे गेलो. मागच्या चाकाला लागून एक म्हातारी उकिडवी बसलेली. गल्लीत तिने जवला वाळत घातला होता, बारीक कोळंबी. आता पाणी मारणार, सगळा भिजणार, म्हणून ती तो केरसुणीने पाटीत ओढत होती. ऐकायला येत नसावं. चाक आणि तिची पाठ यात वीतभर अंतर.

मी तिला काखेत धरून उचललं तर मलाच शिव्या. "आरं मेल्या, जवल्यावर पाय दिलास! डोलं फुटलं काय तुझं?"

साहेब माझ्या मागेच आला होता. त्याने म्हातारीला बघितलं. चाकही बघितलं. मी सांगतो, त्याने बघितलं. मग तोंड फिरवून म्हणाला, "सुदाम, मागे उभा राहा." मी गाडी घेतली. आग विझली. होडी गेली.

होडीवाला माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "नाना, दोन मिनटं आधी आला असतास तर वाचली असती." खरंही असेल. त्याची माफी मागितली. त्याला काय सांगू?

तिसऱ्या दिवशी मेमो आला. मेमो म्हणजे लेखी जाब. आगीच्या ठिकाणी विनाकारण विलंब का केला? त्यात म्हातारीचं नाव नाही. मी तिला साक्षीला घेऊन गेलो. ती साहेबासमोर एवढंच बोलली, "ह्यानं माझा जवला तुडवला, त्याचं काय?" झालं.

मी चौथी नापास. माझी बायको सुमन सातवी शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. घरचं सगळं लिहायचं काम तिचं. मी तासभर तणतणत सांगितलं, साहेबाच्या सात पिढ्या काढल्या. तिने ऐकून घेतलं आणि कागदावर एकच ओळ लिहिली. आरशात माणूस नव्हता, म्हणून गाडी मागे घेतली नाही.

"एवढंच?" मी म्हणालो.

"व्हय. बाकीचं तुम्ही बोंबलता ते लिहायचं न्हाय. कर सही."

ती चिडली की मला अरेतुरे करायची. मी सही केली.

मला गाडीवरून उतरवलं. पाण्याच्या व्हॉल्वना ग्रीस लावायला बसवलं. माझ्या सीटवर नवा ड्रायव्हर, साहेब म्हणेल त्याला मान हलवणारा. महिना दीड महिना गेला. गाडी धुऊन शेडमध्ये लावताना साहेब पुढे उभा राहून हात हलवत होता, "येऊ दे, येऊ दे, जागा आहे!" पुढे उभा राहून! सुदाम मागे होज गुंडाळत होता. बंपर आणि खांब यांच्यात त्याचा डावा पाय सापडला. मी ग्रीसचे हात घेऊन पळालो. त्याचा बूट मी काढला. पुढचं लिहीत नाही. पाय घोट्याच्या वर कापला.

चौकशीत ड्रायव्हर दोषी. त्याला काढला. साहेब प्रमोशन मिळून दुसऱ्या प्लांटवर गेला. जाताना त्याने शेडमध्ये बोर्ड लावला. लाल रंगात. आरशात माणूस नसेल तर गाडी मागे घेऊ नये. खाली त्याची सही आणि हुद्दा.

या वर्षी सुमन गेली. पेन्शनच्या कागदावरून तिचं नाव कमी करायला मी ऑफिसात गेलो होतो. बोर्ड अजून आहे. बोर्डाखाली एक पोरगा गाडी रिव्हर्स घेत होता. मागे कोणी नाही. मी ओरडलो. तो म्हणाला, "काका, आता कॅमेरा हाय. मागं माणूस लागत न्हाय." मी जाऊन कॅमेऱ्यावर बोट फिरवलं. बोटाला चिखल आला. ते बोट त्याच्या नाकासमोर धरलं आणि बोर्ड वाचायला लावला. मोठ्याने. दोनदा. पोराने वाचला. त्याला काय माहीत ती ओळ कोणाची.

हे लिहून द्यायला आता घरात कोणी नाही. मीच लिहिलंय, चुका असतील. गाडी चालवणाऱ्यांना एवढंच सांगतो. मागे माणूस दिसेना तर थांबा. साहेब मेमो देईल. मेमोला एका ओळीत उत्तर देता येतं. सुदामला काय उत्तर देणार?