बाबांनी बेल का वाजवली नाही

बाबा गेल्यावर मी कामावर परतले, तेव्हा पेशंट पडल्याच्या घटना माझ्या टेबलावर येऊ द्यायच्या नाहीत असं टीमने आपसांत ठरवलेलं दिसलं. मला कुणी तसं म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.

कार्डिफच्या एका हॉस्पिटलमध्ये मी पेशंटच्या सुरक्षिततेचं काम पाहते. वॉर्डात काही चुकलं, किंवा चुकता चुकता राहिलं, की तिथल्या माणसांनी ते कळवायचं आणि ते कशामुळे घडलं हे आम्ही शोधायचं. कोण चुकलं हा प्रश्न शक्यतो विचारायचाच नाही, असं मी नव्या लोकांना शिकवते. ज्या दिवशी आपलंच माणूस त्या घटनेत असतं, त्या दिवशी हे शिकवणं कसं वाटतं ते तोवर मला माहीत नव्हतं.

बाबा माझ्या हॉस्पिटलात नव्हते. मिडलंड्समधल्या ज्या शहरात त्यांनी बसच्या गॅरेजमध्ये आयुष्य काढलं, तिथेच न्यूमोनिया होऊन ते ॲडमिट झाले होते. सुट्टीच्या दिवशी मी ट्रेनने जाऊन येत असे. पहिल्या आठवड्यात ते कुणाशी बोलत नव्हते. मग एक नवी नर्स आली, नागपूरची. त्यांच्या उशाशी ठेवलेली बुद्धाची लहानशी तसबीर तिने पाहिली आणि हळूच म्हणाली, "जयभीम, काका." बाबा कोपरावर रेलून उठले आणि तिचं गाव, तिच्या वडलांची नोकरी, भावाचं शिक्षण, सगळं विचारून मोकळे झाले.

मी गेले की त्या दोघांचं चाललेलंच असे.

"काका, सूप घेता का?"

"याला सूप म्हणतात होय? गरम पाण्याला डाळीचा फोटो दाखवलाय."

"मग फोटोग्राफरला बोलावू का जी?"

"बोलाव. आणि त्याला सांग, जिऱ्याचाही दाखव."

वॉर्डाच्या मेट्रनने हे पाहिलं आणि बाबांकडे शक्यतो हीच नर्स राहील अशी व्यवस्था केली. मनापासून केली. मी तिचे आभारही मानले.

त्याच वॉर्डात एक उंच, वयस्क जमैकन मदतनीस होता. बाबांना बाथरूमला तो न्यायचा. बाबा त्याला 'बॉस' म्हणत आणि तो बाबांना 'यंग मॅन'. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून दोघं निघाले की फिरायला चालल्यासारखे दिसत.

बाबा पडले ते भर दुपारी, जेवणानंतर. पलंग आणि बाथरूमच्या मधे. बेल हाताशी होती, ती त्यांनी वाजवली नव्हती. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असल्यामुळे डोक्यातला रक्तस्राव थांबला नाही. त्यानंतर जे थोडे दिवस मिळाले त्यांत ते मधूनमधून शुद्धीवर येत. अशाच एका सकाळी मी त्यांचे ओठ ओले करत होते, तेव्हा ते आपणहून बोलू लागले.

"बॉस आला नाही त्या दिवशी. मी वाट पाहिली."

"मग तिला सांगायचं ना, बाबा."

"तिने विचारलं होतं. काका, बाथरूमला जायचंय का? मी नाही म्हटलं."

"का?"

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "आपली पोर आहे ती. उद्या विहारात भेटेल, तिचे आईबाप भेटतील. तिला काय सांगू, मला धर म्हणून? दुसरी कुणी गोरी असती तर सांगितलं असतं." थोड्या वेळाने म्हणाले, "हे कुणाला सांगू नकोस. आणि त्या पोरीला काही होऊ देऊ नकोस."

दोन्ही गोष्टी एका दमात. मी दोन्हींना हो म्हटलं.

बाबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी ती नर्स विहारात आली. पांढरी साडी नेसून मागे, चपलांच्या मांडणीजवळ बसली. वंदना झाल्यावर तिने वाढायला मदत केली आणि कुणाशी न बोलता निघाली. मी तिच्या मागे कार पार्कपर्यंत गेले.

"ताई, केसबद्दल मला तुमच्याशी बोलायची परवानगी नाही."

"मग नको बोलूस."

"नाही बोलत. नुसती उभी राहते."

उभी राहिली, आणि मग तिच्याच्याने राहवलं नाही. तिचं प्रोबेशन अजून संपलेलं नव्हतं. नोकरी गेली तर व्हिसाही जाणार होता. आपल्यावर दोन खोल्यांचे पेशंट आहेत आणि हाताशी माणूस नाही, हे तिने त्या दिवशी सकाळीच रीतसर कळवलं होतं. त्यावर मेट्रनने तिला बाजूला घेऊन, दर वेळी कळवलंच पाहिजे असं नाही, म्हणून समजावलं होतं. आता, तू पेशंटकडे नीट लक्ष दिलं होतंस का, असं सगळे विचारत होते.

"मी विचारलं होतं त्यांना, ताई. खरंच विचारलं होतं. माझ्यावर भरवसा नव्हता का जी त्यांचा?"

तिने विचारलं होतं हे मला माहीत होतं. भरवशाचं काय होतं तेही मला माहीत होतं. मी नुसता तिच्या हातावर हात ठेवला. ती बसस्टॉपकडे गेली.

चौकशीची बैठक बाबांच्या हॉस्पिटलच्या ऑफिसच्या मजल्यावर झाली. चौकशी करणारी बाई, मेट्रन, नातेवाईक म्हणून मी, आणि दारालगतच्या खुर्चीवर ती नर्स. तिने यायलाच हवं असं नव्हतं, पण ती आली होती. अहवालाच्या मसुद्यात मुख्य कारण होतं, पेशंटने बेल वाजवली नाही. असं वाक्य मला ओळखीचं आहे. ते लिहिलं की पुढे शोधायचं काही उरत नाही. त्याखाली, नर्सने पेशंटच्या पडण्याच्या धोक्याचा पुन्हा अंदाज घेतला नाही, म्हणून तिच्यावर वेगळी कारवाई सुचवली होती.

मेट्रन दुष्ट नव्हती. तिचे डोळे सुजलेले होते. तिच्या वॉर्डात किती जागा रिकाम्या असतील याची मला कल्पना होती, आमच्याकडेही तेच आहे. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आम्ही त्यांना त्यांच्याच भाषेची नर्स दिली होती. याहून जास्त काय करू शकलो असतो?"

सगळे माझ्या उत्तराची वाट पाहत होते. समोर पाण्याचा ग्लास होता, तो मी सरकवला, परत जागेवर ठेवला. मी गप्प राहिले असते तर बाबा त्या कागदावर एक हट्टी म्हातारे म्हणून राहिले असते आणि ही मुलगी घरी गेली असती. बोलले तर ज्या गोष्टीसाठी ते भिंतीकडे तोंड करून बोलले होते, ती सगळ्यांसमोर मांडली जाणार होती, आणि त्यांत नेमकी ही मुलगीही होती.

मी सांगितलं. दाराकडे न बघता, इंग्रजीत, जमेल तितक्या थोडक्यात.

"पण ती ट्रेन्ड नर्स आहे," मेट्रन म्हणाली. "हे तिचं कामच आहे."

"तिच्या बाजूने काम होतं. त्यांच्या बाजूने ती घरातली मुलगी होती."

"मग त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं."

"कुणाला?" मी विचारलं.

चौकशी करणाऱ्या बाईने पेन खाली ठेवलं. "रोज त्यांना कोण न्यायचं?"

मी बॉसबद्दल सांगितलं.

"त्या दिवशी तो कुठे होता?"

"दुसऱ्या वॉर्डात पाठवला होता," मेट्रन म्हणाली. "तिथे माणसं कमी होती."

"कुणी पाठवला?"

"मी. मला वरून फोन आला होता."

"मी कळवलं होतं," दाराकडून आवाज आला. बैठकीत ती पहिल्यांदाच बोलत होती. "तो गेल्या गेल्या कळवलं होतं."

"हे माझ्यासमोर आलेलं नाही," चौकशी करणारी बाई म्हणाली.

"ती नोंद मी तिथेच बंद केली होती," मेट्रन म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "तेव्हा काही घडलं नव्हतं ना."

मग चौकशी करणाऱ्या बाईने मसुदा उलटा करून ठेवला. तो नव्याने लिहावा लागेल, म्हणाली, आणि नर्सवरच्या कारवाईची शिफारस आपण आजच मागे घेत आहोत. तिने ते नर्सकडे बघून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. नर्सने मान हलवली. आनंद झाल्यासारखी मात्र ती दिसली नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये ती माझ्यासाठी थांबली होती.

"विहारात मी तुम्हाला विचारलं होतं, ताई. तेव्हा का नाही सांगितलं?"

"त्यांनी सांगू नको म्हटलं होतं."

"मग आज का सांगितलं? माझ्या नोकरीसाठी?"

"हो."

तिने ओढणीच्या टोकाने नाक पुसलं. रागावली होती. एवढ्या दिवसांत मी तिला रागावलेली पाहिली नव्हती, आणि मला ते बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

"माझ्या आजोबांचं सगळं मीच केलं आहे जी, शेवटपर्यंत. काकांनी एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतं. मी डोळे मिटून धरलं असतं."

"त्यांना ते माहीत नव्हतं."

"तुम्ही सांगायचं ना त्यांना."

तिला शिफ्टवर जायचं होतं. वॉर्डाच्या दिशेने ती चार पावलं गेली, थांबली, परत आली. मला वाटलं अजून काही बोलेल. तिने वाकून माझ्या पायांना हात लावला, थोरल्या बहिणीच्या लावतात तसा, आणि मी तिला उठवायच्या आतच ती दार ढकलून आत गेली.