मापाआधीचा हुरडा

होडी सुटायच्या बेतात असताना सासूबाईंनी हिच्या ओटीत तांदूळ घातले आणि म्हणाल्या, "बयो, नातवंड झाल्याचं कळव. तुझ्या हातचं जेवायला पुण्यास येईन." लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापांनी तिच्या घरचे अन्न घ्यायचे नाही, ही आपली रीत. होडीत आम्ही दोघेच नवराबायको होतो. आधी खाडी, मग घाट, मग देश. मला श्रीमंत पेशव्यांच्या दफ्तरात कारकुनी मिळाली होती. दोनेक वर्षे करून परत येऊ, असा माझा अंदाज होता. माझे अंदाज सहसा चुकत नाहीत. हा चुकला.

घाट चढून आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांचे झाले तेच आमचे झाले. भाताची जीभ भाकरीला सरावली. खाडीच्या जागी हौद आला. कात्रजच्या तलावातले पाणी जमिनीखालून चालत पेठेत येते, याचे नवल मला अजून ओसरलेले नाही. पुढे कोथरूडच्या वाटेवर थोडी काळी जमीन वाट्याने केली, तिच्यात शाळू पिकू लागला. मूल मात्र झाले नाही.

सासूसासरे मध्यंतरी पुण्यास येऊन गेले. उतरले गाववाल्यांकडे, जेवले तिथेच. आमच्याकडे यायचे, बसायचे, पण पाण्याचे फुलपात्र पुढे तसेच राहायचे. ती दोघे गेली की ही ते पाणी तुळशीला घालायची.

परवाच्या पौषात ती पुन्हा आली. आता घाट त्यांच्याने पुन्हा चढवणार नाही, हे कोणी न सांगता दिसत होते. दुसऱ्या दिवशी ही म्हणाली, "अहो, घरी नको. शेतात बोलवा त्यांना. हुरडा आलाय."

उन्हे जरा वर आल्यावर आम्ही चौघे शेतात जमलो. हिने गोवऱ्यांची आगटी पेटवली आणि हिरवी कणसे निखाऱ्यात खुपसली. बांधावरची बोरे, सोललेला हरभरा आणि उसाची कांडी पळसाच्या पानांवर मांडली. कारळ्याची चटणी आणि दही घरचे, म्हणून ते आमच्या दोघांपुढेच ठेवले.

मी एक कणीस घेऊन दाणे मोजायला लागलो. सवयच आहे. बोट पुढे सरके आणि दाणे संपेनात. पेरताना एका ठिकाणी एक दाणा पडला होता, त्याचे हे. एवढ्या खंडीमणांची आकडेमोड मी केली आहे, पण हे मला नुसते ठाऊक होते. दिसले त्या दिवशी. मोजणे सोडून मी नुसता पाहत बसलो.

हिने हातावर चोळलेला हुरडा फुंकून आईपुढे धरला.

"शेत जावयाचं, दाणा जावयाचा," सासरे म्हणाले. "छप्पर नाही म्हणून अन्न बदलत नाही, बयो."

"याला पाणी लागलं नाही, मीठ लागलं नाही, अप्पा. आणि मळणी व्हायचीय अजून. माप झाल्याशिवाय धान्य कुणाचं?"

"कारकुनाची बायको शोभतेस." सासरे माझ्याकडे वळले. "जावईबापू, हिशेबाला तुम्ही पक्के. तुम्ही सांगाल ते खरं. हा दाणा तुमचा की नाही?"

हिचा हात पुढेच होता. तिने माझ्याकडे पाहिले नाही. खोटे मला बोलता येत नाही, हे तिला माहीत आहे.

"यात सरकारचा वाटा आहे, जमीनवाल्याचा आहे, बलुतेदारांचा आहे," मी म्हणालो. "पाखरं त्यांचा रोज नेतातच. माप होईपर्यंत यातला कोणता दाणा माझा, ते मला सांगता येणार नाही."

"हिशेब सोयीचा आहे."

"सोयीचा आहे. खराही आहे."

सासूबाई सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहत थांबल्या नाहीत. "पाखरं कुणाला विचारून बसतात?" असे म्हणून त्यांनी ओंजळ पुढे केली.

श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटतात तेव्हा रमण्याच्या आवारात लोटणारा जनसमुदाय मी पाहिला आहे. पण दात गेलेली म्हातारी दाणा चघळते आहे आणि तिची लेक श्वास धरून पाहते आहे, यापुढे ते सारे मला लहान वाटले.

"गोड आहे गो," सासूबाई म्हणाल्या. "आणखी चोळ."

ही चोळत राहिली. तळवे लाल झाले तरी थांबेना. थोड्या वेळाने सासऱ्यांनी उपरण्याला हात पुसला आणि पुढे केला.

ऊन चढल्यावर ती दोघे गाववाल्यांकडे जेवायला गेली. रीत मोडली नाही. हिने आगटीतला निखारा खापरात घेतला, राखेने झाकून पेठेपर्यंत आणला आणि त्यावर चूल पेटवली.

गाव कोणते म्हणून विचारले, तर मी अजून खाडीकाठचेच नाव सांगतो. हीही या जागेला इतकी वर्षे बिऱ्हाडच म्हणत आली होती. त्या दुपारी भात उतरवून तिने दोन पाट मांडले आणि म्हणाली, "बसा. आज घरी जेवू या."