झाडूला सुट्टी

घड्याळजींच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात प्रत्येक स्क्रू आपापल्या डबीत असे. घरात मात्र स्वतःचा चष्मासुद्धा त्यांना बायकोला विचारून शोधावा लागे. त्यामुळे माळ्यावरचे उंदीर एकदाचे पिंजऱ्यात सापडून संपल्यावर बायको पदर खोचून झाडूसकट शिडीकडे निघाली आणि यांनी तिची वाट अडवली, तेव्हा ती बघतच राहिली.

"झाडू ठेव. सुक्या लेंड्या झाडल्या की धूळ उडते, त्या धुळीतून आजार छातीत जातो. औषधवाल्याने बजावलंय."

"जन्मात केर काढला नाहीत, आणि मला शिकवताय?"

"म्हणून तर आज मीच काढतो!"

खिडक्या सताड उघडून दोघं हवा खेळेपर्यंत पायरीवर बसली. मग घड्याळजींनी रबरी हातमोजे, चांगला घट्ट मास्क चढवला.

"दरोडा घालायला निघालात की काय?" बायको म्हणाली.

बादलीत एक वाटी ब्लीच, नऊ वाट्या पाणी. माळ्यावर चढून, फवारा हलक्या हाताने मारून घड्याळजींनी सगळं भिजत ठेवलं. शिडी धरून खालून बायकोचे हुकूम चालूच होते. ट्रंकेमागचं घरटं दिसलं आणि घड्याळजींचा हात थबकला. घरटं जांभळ्या लोकरीचं होतं.

बायकोने हौसेने विणलेला तो स्वेटर. एक बाही गुडघ्याशी गप्पा मारणारी. गिऱ्हाईकं हसली म्हणून यांनी तो ट्रंकेमागे कोंबला आणि घरी थाप मारली, 'बसमध्ये विसरलो.'

त्यांनी घरटं चिंब भिजवलं, कागदाने उचलून घाईघाईने पिशवीत टाकलं. पण पिशवी घेऊन खाली उतरले, तेव्हा बाही बाहेर लोंबकळत होती.

"अहो, हा बसमध्ये राहिला होता ना?"

मास्कमुळे तोंड लपलं, कान मात्र लाल झाले. "उंदरांनी आणला असेल गं... स्टॉपवरून."

तिने हात पुढे केला तसे ते ओरडले, "हात लावू नकोस!" एवढं मात्र अगदी मनापासून होतं.

पिशवीवर पिशवी चढवून गाठ मारली, ती कचऱ्याच्या झाकण असलेल्या डब्यात गेली. माळा ओल्या फडक्याने पुसला, उंदीर यायचे त्या भोकात तारेची घासणी ठासून वर सिमेंट लिंपलं. हातमोजे धुऊन मगच काढले, मग साबणाने हात खसखसून धुतले. एवढा वेळ बायको शिडीशी उभी राहून बोटांवर काहीतरी मोजत होती. घड्याळजींना त्याचीच धास्ती.

दुसऱ्या दिवशी ती नारिंगी लोकर घेऊन आली.

"या वेळी दोन्ही बाह्या लांब ठेवते," ती गोड आवाजात म्हणाली. "दुकानात घालून बसा. मी अधूनमधून चक्कर मारीनच."

त्या थंडीत घड्याळजींचं दुकान कुणाला शोधावं लागलं नाही. कोपऱ्यावरूनच दिसायचं.