माती कोणी टाकली

डिचोलीच्या शाळेत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यातली निम्मी तरी 'हॅज बीन'मध्ये गेली असतील. 'द डोअर हॅज बीन लॉक्ड' असं फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरून प्रश्न ठरलेला असायचा, सर, कुलूप लावलं कोणी? मी म्हणायचो, ते महत्त्वाचं नाही. दार बंद केलं गेलंय आणि अजून बंद आहे, एवढंच या वाक्याला सांगायचंय. कोणाला ते पटलेलं नसायचं. मुलं कच्ची आहेत असं मला वाटे.

निवृत्तीनंतर पाळी या माझ्या गावी घरी बसलो तर गावच्या कागदांचं काम आपोआप माझ्याकडे आलं. कोणाला अर्ज लिहून हवा असे, कोणाला आलेलं पत्र वाचून हवं असे. या सगळ्या कागदांत माझं लाडकं व्याकरण सुखानं नांदत होतं. एकदा शेजाऱ्याला नोटीस आली, 'सप्लाय हॅज बीन डिस्कनेक्टेड'. वायर कापणारा लाइनमन आमच्याच वाड्यावरचा, आणि त्यासाठी शिडी त्यानं माझ्याकडूनच नेलेली. पण कागदात ना तो होता ना शिडी. मला त्याची गंमत वाटली होती. मराठीत असं सहज निसटता येत नाही. कप आपला आपण घसरून पडला, तरी आपण 'माझ्या हातून फुटला' म्हणतो.

आमच्याकडच्या बंद पडलेल्या खाणी परत सुरू झाल्या त्या हिवाळ्यातली गोष्ट. माझ्या धाकट्या भावानं बरीच वर्षं झाडाखाली गंजत पडलेला आपला ट्रक दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणला. आम्ही दोघं एकाच अंगणात राहतो, पण घराच्या वाटणीवरून दोन वर्षं आमच्यात बोलणं नव्हतं. त्या चतुर्थीला कसाबसा अबोला सुटला होता. भाऊ पुन्हा सकाळी माझ्याकडे चहाला येऊ लागला होता आणि मी त्यावर इतका खूश होतो की त्याच्या कुठल्याही गोष्टीला मान डोलवत होतो. ट्रक वळवायला जागा पुरत नाही म्हणून त्यानं खाणीवरची दोन ट्रक लाल माती आणून कुंपणापलीकडे भराव म्हणून ओतली. मी खिडकीतून पाहिलं. माती कुंपणालगतच्या पाण्याच्या पाटात गेली हेही पाहिलं.

त्या पाटाचं पाणी पुढे एका विधवा बाईच्या शेताला जातं. ती दोडामार्गाकडची, लग्न होऊन आमच्या गावात आलेली. तिला मी वहिनी म्हणतो, ती मला मास्तर. हिवाळ्यात पाटाच्या पाण्यावर जे भात होतं त्याला आम्ही वायंगण म्हणतो आणि तिचा तेवढा एकच तुकडा. माती पडली त्याच्या तिसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आली. पायरीवर बसली, पाणी प्याली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाली, "पाटात माती पडली हा, मास्तरानू. पाणी येणा नाय. एक कागद लिवन दिया."

तिनं ट्रकाचं नाव काढलं नाही. हिला ठाऊक नाही, असं मला वाटलं आणि माझा जीव भांड्यात पडला. मी चष्मा लावला, कोरा कागद घेतला आणि आयुष्यभर शिकवलेलं सगळं पणाला लावलं. 'द वॉटर चॅनल हॅज बीन ब्लॉक्ड.' 'सॉइल हॅज बीन डम्प्ड.' एकही चूक नव्हती. कोणी, कधी, कुठल्या घरासमोर, यातलं काहीच नव्हतं. खाली तिची सही घेतली. तिनं ती सावकाश, एकेक अक्षर जोडत केली. वाचून दाखवा असं ती म्हणाली नाही आणि मीही दाखवलं नाही.

अर्ज गेला त्या सरकारी ऑफिसचं उत्तर आलं तेव्हा तेही माझ्याच शाळेत शिकून आल्यासारखं होतं. 'द मॅटर हॅज बीन फॉरवर्डेड.' तिनं विचारलं, म्हणजे बघायला येणार कोण? मी म्हटलं, तसं लिहिलेलं नाही. ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मला वाटलं, तिला समजलं नाही म्हणून बघतेय. मी तिला धीर दिला, ऑफिसच्या कामाला वेळ लागतो म्हटलं. भाऊ तेव्हा अंगणात ट्रक धूत होता.

लावलेला तरवा, म्हणजे भाताची रोपं, आधी पिवळा पडला, मग जमिनीला भेगा पडल्या. मी फिरायला जाताना वाट बदलली. एका सकाळी चुकून जुन्याच वाटेनं गेलो तर वहिनीनं शेतात गुरं सोडली होती. ती बांधावर उभी राहून त्यांना तो वाळलेला तरवा खाऊ देत होती. मला पाहिलं आणि पुन्हा गुरांकडे वळली. मी तसाच घरी परतलो.

त्या दिवशी चहाला मी भावाला मातीचं आणि पाटाचं सांगून टाकलं. तो भडकेल, पुन्हा वर्षभर तोंड फिरवेल, याची मनाची तयारी केली होती. त्यानं कप खाली ठेवला.

"पाटात गेलीय ते मला दिसलंच नव्हतं. तू त्याच दिवशी बोलला असतास तर त्याच दिवशी काढली असती ना."

दुपारी त्यानं ओळखीचा जेसीबी आणला. पाट मोकळा व्हायला अर्धा तासही लागला नाही. एक शेत वाळलं ते माझ्या भावाच्या रागापायी नव्हे, तो राग कधी नव्हताच. ती माझी भीती होती, आणि तिला मी चांगल्या इंग्रजीत बसवलं होतं.

संध्याकाळी मी वहिनीकडे गेलो. पाणी आलं हे तिला दिसलंच होतं. तरी मी सांगितलं. माती आमच्या ट्रकानं टाकली, मी पाहिलं होतं, आणि कागदात ते मुद्दाम लिहिलं नाही. इतकं साधं मराठी बोलताना मला कधी एवढा घाम फुटला नव्हता. ती सुपात तांदूळ निवडत होती. हात थांबवले नाहीत.

"ट्रक कोणाचो ता माका पयल्या दिसापासून ठावक हुता, मास्तरानू. म्हणान तर पयली तुमच्या दारात इलंय. कागद काय, माज्या सुनेन पण लिवन दिलो असतो."

आमच्याकडे ही रीतच आहे. ज्याच्या घरचं काही चुकलंय त्याच्याच पायरीवर जायचं, पाणी प्यायचं, आणि कोणाचंही नाव न घेता काय बिघडलं तेवढं सांगायचं. पुढचं ज्याचं त्यानं बोलायचं असतं. मी या गावात जन्मलो, तरी ती दारात आली त्या दिवशी ही रीत विसरून फक्त कागद लिहिणारा झालो. तिनं माझी लाज राखायला नाव गाळलं होतं.

मी उठलो तेव्हा ती म्हणाली, बसा, चहा टाकते. मी बसलो. नको म्हणायलाही मला तोंड नव्हतं.