स्वारगेटच्या सिग्नलला बंद पडलेली गाडी

आमच्या घरात बायकोनं गाडी चालवण्याचा विषय पंचवीसेक वर्षं कुणी काढला नव्हता. त्याला एक कारण स्वारगेटचा सिग्नल, आणि त्याहून मोठं कारण मी.

देशानं आपली दारं जगासाठी उघडली, असं वर्तमानपत्रं रोज सांगत होती त्या दिवसांत आमच्याकडे एक जुनी पांढरी मोटार आली. तिच्या चारपैकी एकच दार आतून उघडत असे. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो. उदारीकरणावर तास घ्यायचा आणि स्वतः जुन्या स्कूटरवर हिंडायचं हे बरं दिसत नव्हतं, म्हणून ती घेतली. बायको शाळेत गणित शिकवायची. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली आणि परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली. मी दुसऱ्या वेळेला झालो होतो, पण ते तिला सांगायचं कारण नव्हतं.

पहिल्यांदा आमची गाडी घेऊन ती बिबवेवाडीला तिच्या थोरल्या बहिणीकडे निघाली. शेजारी मी. स्वारगेटला सिग्नल हिरवा झाला, तिनं क्लच जरा लवकर सोडला, गाडीनं गचका खाल्ला आणि बंद पडली. किल्ली फिरवली, पुन्हा गचका, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच. मागं बस होती. बसचा ड्रायव्हर खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आला आणि ओरडला, "ओ बाई, गाडी हाय का देवघर? बसलाय निवांत!"

आजूबाजूचे स्कूटरवाले हसले. हे तिनं पचवलं असतं. साठ मुलांच्या वर्गाला अपूर्णांक शिकवणाऱ्या बाईला एका ड्रायव्हरचं काय? पण तेवढ्यात मी अत्यंत शांत आवाजात म्हणालो, "मुक्काम इथंच असेल तर उतरून डबा घेऊन येतो."

तिनं हँडब्रेक ओढला. उतरली, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आली, दार उघडलं आणि म्हणाली, "चालवा."

अशी वाक्यं मी आयुष्यभर बोलत आलो आणि लोक हसत आले. त्या एका वाक्याला मात्र कुणी हसलं नाही. तिनं त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. लायसन्सची मुदत संपली की ती स्वतः जाऊन नवं करून आणायची आणि रेशनकार्डाच्या खणात ठेवायची. कशासाठी, ते मी विचारलं नाही. विचारायला धीर लागतो.

मधल्या काळात आम्ही वारज्याला राहायला आलो, मी निवृत्त झालो, ती झाली. मुलगी खराडीत नोकरीला लागली. ती नेमकं काय करते हे मला दोनदा समजावून सांगून तिनं नाद सोडला. तिनंच आम्हाला नवी गाडी घेऊन दिली.

गाडी ताब्यात घ्यायचा सोहळा मी जन्मात विसरणार नाही. गाडीवर चकचकीत लाल कापड घातलं होतं. ते आम्ही तिघांनी मिळून ओढायचं, मग केक कापायचा, मग शोरूममधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आमच्या लग्नात याच्या निम्म्या टाळ्या वाजल्या नव्हत्या. टाय लावलेला एक तरुण बायकोला म्हणाला, "मॅडम, ही गाडी तुमच्यासाठी विचार करते."

"बरं झालं," ती म्हणाली. "घरात कुणीतरी करायला हवाच होता."

गाडीचा विचार आम्हाला पहिल्याच सिग्नलला कळला. मी न्यूट्रल केलं, क्लच सोडला आणि इंजिन गप्प झालं. माझा हात किल्लीकडे धावला.

"बाबा, राहू द्या," मागून मुलगी म्हणाली. "ती आपोआप बंद होते. क्लच दाबला की आपोआप चालू होते. पेट्रोल वाचतं."

मला फार राग आला. कारण असं की स्कूटरच्या दिवसांपासून मी प्रत्येक सिग्नलला इंजिन हातानं बंद करत आलो होतो. शेजारी घरघर करत उभ्या राहणाऱ्या लोकांकडे मी ज्या नजरेनं पाहत असे, तिच्यात माझी निम्मी नागरिकशास्त्राची समज होती. आता तेच पुण्य गाडी परस्पर करू लागली, आणि तुच्छतेनं बघायला मला कुणी उरलं नाही.

शेजारचे गृहस्थ मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या गाडीतही हीच सोय होती, पण गाडी सुरू केली की देवाला हात जोडावा तसे ते आधी ती सोय बंद करायचं बटण दाबत. "अहो, दिवसातून पन्नास वेळा इंजिन उठवायचं म्हणजे स्टार्टर टिकणार किती? बॅटरी टिकणार किती?" मी म्हटलं, त्यासाठी जास्त दणकट बॅटरी आणि स्टार्टर बसवतात असं पुस्तिकेत लिहिलंय. ते म्हणाले, "पुस्तिका मीच तपासायचो. म्हणून सांगतोय."

मुलीला न्यायला येणाऱ्या कॅबचा ड्रायव्हर यवतमाळकडचा. त्याचं मत वेगळं. "मले तं बरं वाटते सर. दिवसभर कानात घरघर. सिग्नलले मिनिटभर शांत भेटते." मग म्हणाला, "पण मे महिन्यात एसीची हवा गरम होते. मागून साहेब वरडते, एसी गेला का म्हणून. मंग दाबतो बटण." ही शांतता सोडताना त्याला वाईट वाटत असावं, असं त्याच्या आवाजावरून वाटलं.

असं चाललेलं असताना माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही आठवडे गाडी चालवायला मनाई केली. त्याच सुमारास बिबवेवाडीच्या मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिला आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं होतं, आणि रिक्षात चढण्याइतका गुडघा वाकत नव्हता. मुलीला ऑफिस. मी म्हटलं, "ड्रायव्हर ठेवू या."

बायको रेशनकार्डाच्या खणाकडे गेली. "माझ्याकडे लायसन्स आहे," ती म्हणाली.

तीन दिवस सकाळी मुलगी तिला वारज्याच्या आतल्या रस्त्यांवर घेऊन गेली. मला नेलं नाही. चौथ्या दिवशी मुलीला सुट्टी मिळेना, आणि मेहुणीला जिना उतरवायला दुसरा माणूस हवा होता, म्हणून काळा चष्मा लावून मी शेजारी बसलो.

"एकच अट," बायको म्हणाली. "तोंड उघडायचं नाही."

म्हात्रे पुलापर्यंत सगळे सिग्नल हिरवे मिळाले. दांडेकर पुलाला लाल लागला. तिनं गाडी थांबवली, न्यूट्रल केलं, पाय उचलला आणि इंजिन गप्प झालं. तीन दिवसांत हे तिनं पुष्कळदा पाहिलं असणार. पण आतल्या रस्त्यावर मागं कुणी नसतं. इथं होते. स्टिअरिंगवरची तिची बोटं पांढरी पडली. तिनं आरशात पाहिलं, मग डावीकडच्या गाडीकडे. तिचंही इंजिन गप्प होतं. चालवणारा गृहस्थ कान खाजवत होता.

"आता सगळ्यांच्याच बंद पडतात की," ती अर्धवट स्वतःशीच म्हणाली.

तिनं क्लच दाबला. इंजिन चालू झालं. आम्ही निघालो. सारसबागेपाशी पुन्हा तेच झालं तेव्हा तिनं बोटं सैल सोडून दुपट्टा नीट केला. मला त्या यंत्राबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. कुठल्या तरी इंजिनिअरनं चमचाभर पेट्रोल वाचावं म्हणून ते बनवलं असेल. सिग्नलला गाडी बंद पडण्याची लाज त्यानं सगळ्या गावात सारखी वाटून टाकली होती, हे त्याच्या गावीही नसेल.

मग स्वारगेट. पुलाखालच्या गर्दीत आम्ही पुढून दुसरे. मागं बस, अर्थातच. लाल आकडे उतरत गेले. तिनं क्लच दाबून पहिला गिअर टाकला, हिरवा झाला, आणि गाडीनं गचका खाल्ला.

बंद.

हे गाडीनं केलेलं नव्हतं. आपोआप बंद होताना गाडी असा गचका देत नाही, आणि गिअर पहिल्यात होता. मागून बसचा हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. माझ्या जिभेवर एक वाक्य तयार होऊन आलं. चांगलं होतं, आधीच्याहून चांगलं होतं. मी दात आवळले आणि काळ्या चष्म्यातून समोरच्या रिक्षाच्या पाठीकडे बघत राहिलो.

तिनं आरशात पाहिलं नाही. पाय उचलला, क्लच पुन्हा पूर्ण दाबला. इंजिन आपणहून चालू झालं. बंद पडलेली गाडीही त्या यंत्रामुळे अशी उठते, हे मला शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं, तेही नाइलाजानं. तिनं क्लच सावकाश सोडला आणि आम्ही सातारा रस्त्याला लागलो. मला वाटलं, तिला कळलंच नाही. नेहमीसारखी आपोआप बंद झाली अशा समजुतीनं ती निघाली. कळलं नाही तेच बरं, असंही वाटलं.

बिबवेवाडीला बहिणीच्या इमारतीखाली तिनं एका दमात, दोन स्कूटरींच्या मध्ये, गाडी लावली. मला ते आजही जमत नाही. किल्ली काढून म्हणाली, "स्वारगेटला ती मी पाडली होती बंद."

"हो."

"तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"आणि गप्प बसलात?"

"अट होती."

तिनं दार उघडलं. "परत जाताना बोललात तरी चालेल," ती म्हणाली, आणि बहिणीला आणायला माझ्यापुढे जिना चढू लागली.

दवाखाना झाला, मेहुणीला घरी पोचवलं आणि आम्ही परत निघालो. स्वारगेटला लाल लागला. इंजिन आपोआप शांत झालं. बोलायची परवानगी होती, आणि तयार वाक्य अजून होतं. मी ते ठेवून दिलं आणि म्हणालो, "छान चालवतेस."

"समोर बघा," ती म्हणाली. "हिरवा झाला की सांगा. तेवढं झेपेल ना डोळ्याला?"

मी आकडे मोजत बसलो.