बाटल्या परत घ्या

मला एका जागी बूड टेकवून बसता येत नाही, हे माझ्या आईचं ठाम मत. लग्नानंतर बार्शीकडून मुळशीत, भरे गावात राहायला आलो आणि ह्यांनीही ते मान्य करून टाकलं. दोन हजार तीन-चार सालची गोष्ट. हे पिरंगुटच्या बाजूला थंड पेयांच्या बाटल्या भरणाऱ्या एका कंपनीत होते, कंत्राटी. दिवाळीत काही जणांना कायम करणार, अशी हवा होती. कायम झालं की भाड्याच्या खोलीतून सुटका, पोराला बरी शाळा. त्या दिवसांत आमच्या घरात देवाकडे मागणं एवढं एकच होतं.

आणि नेमकी त्याच पावसाळ्यात मोरी तुंबली.

आमच्या घरमालकीण काकूंचं भाताचं खाचर रस्त्याला लागून होतं. ओढ्याचं पाणी रस्त्याखालच्या मोरीतून पुढे जायचं. रविवारी धरणाकडे फिरायला जाणारी मंडळी गाडीतून बाटल्या भिरकावत, त्या सगळ्या वाहत येऊन मोरीत ठासून बसल्या. पाणी मागे फुगलं आणि काकूंचं रोप लावणीआधीच कुजलं. काकू बांधावर उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. मला ते बघवेना. साडी खोचली आणि उतरले चिखलात. मग शेजारपाजारच्या बायकाही आल्या. बाटल्यांनी पोतीच्या पोती भरली. निम्म्या बाटल्यांवर ह्यांच्याच कंपनीचं लेबल! भंगारवाला त्या चिखलाला हात लावायला तयार नव्हता.

संध्याकाळी जेवताना मी ह्यांना विचारलं, "या जुन्या बाटल्यांच्या पुन्हा बाटल्या नाही का होत?"

"होतात की. मागे परदेशातले साहेब आले होते, तिकडे करतात म्हणे. आपल्याकडे त्यांचा उशीत भरायचा कापूस होतो."

झालं! माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. माझ्या माहेरचा दुकानदार काचेची रिकामी बाटली हातात पडल्याशिवाय आम्हाला जागचं हलू द्यायचा नाही. मग कंपनीलाच का मोकळं रान?

"आम्ही पोती घेऊन गेटावर जाणार," मी म्हणाले.

ह्यांचा घास हातातच राहिला. "दिवाळीपर्यंत गप्प बसवत नाही का गं तुला?"

"काकूंचं रोप दिवाळीपर्यंत थांबलं का? तुम्ही मला ओळखूच नका. तुम्ही कोण, मी कोण. जमेल?"

"जमवतो," हे म्हणाले. पण ताटातलं तसंच राहिलं.

सकाळी मी काही खाल्लं नाही. चहासुद्धा तसाच ठेवला. ह्यांचा डबा भरून दिला आणि आम्ही दोघं खाली आलो, तर काकू प्रत्येक पोत्यात मूठमूठ तांदूळ टाकत होत्या.

"अहो काकू, आपण भांडायला चाललोय, ओटी भरायला नाही!"

"भांडायचं म्हनून रीत सोडायची व्हय? कुनाचं भांडं रिकामं परत देऊ न्हाई. बाटल्या त्यांच्याच हायेत."

दुधाच्या टेम्पोतून आम्ही गेटावर पोचलो. वॉचमनने आधी अडवलं, मग साहेब बाहेर आले. माणूस सभ्य होता, ते जास्तच अवघड. मी एका दमात सांगितलं, या बाटल्या घ्या, वितळवा आणि याच्याच पुन्हा बाटल्या करा.

"ताई, पिण्याच्या बाटलीत जुनं प्लास्टिक चालत नाही. नियमच तसा आहे."

"मग नियम बदला म्हणून तुम्ही सरकारला सांगा. आमचं कोण ऐकतंय? आणि बाहेरच्या देशात करतातच की!"

साहेबांनी मान वर केली. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

ह्यांचं नाव तर घेता येणार नव्हतं. आता काय बोलू? काकूंनी मध्ये तोंड घातलं म्हणून वाचले. "कोन सांगतंय? जगाला ठावं हाय!"

शेवटी साहेब म्हणाले, एवढ्या वेळेला पोती ठेवून घेतो. आतून चार कामगार बोलावले. त्यांत हे! मान खाली घालून आले, माझ्या हातातलं पोतं धरलं आणि म्हणाले, "ताई, बाजूला व्हा."

मीच पढवलेलं, तरी ते 'ताई' लागलंच. ऊन चढलं होतं. पोटात अन्न नव्हतं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कुंपणाला धरून खाली बसले. हे आत गेले ते गेलेच. बाकीचे तिघं रिकामी पोती टाकून निघून गेले. सगळ्यांत शेवटी हे आले, साहेबांच्या समोरून. पोत्याची घडी माझ्या मांडीवर ठेवली. जड लागली म्हणून उघडली, तर आत सकाळी मीच भरलेला डबा.

साहेब जवळ आले. "हे काय?"

"रिकामं पोतं परत कसं द्यायचं साहेब?" हे म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "बायको आहे माझी. सकाळपासून काही खाल्लेलं नाही तिने."

मी डब्यातली भाकरी तिथंच बसून रडत रडत खाल्ली. मला ह्यांचा इतका राग आला होता की विचारू नका.

दिवाळीत ह्यांच्याबरोबरचे तिघं कायम झाले. हे नाही. का नाही, ते कुणी सांगितलं नाही. मी मात्र घरात भांडी आपटत फिरायचे. "तुम्हाला एवढंही जमलं नाही!" असं कितीदा तरी म्हणाले. हे नुसते ऐकून घ्यायचे.

पुढच्या पावसाळ्यात मोरी पुन्हा तुंबली. मी गुपचूप पोती झटकत होते. हे मागे येऊन उभे राहिले. कामावर जायची वेळ झालेली, तरी अंगात घरातलाच शर्ट.

"आज डबा दोघांचा भर," हे म्हणाले. "मी गेटाच्या बाहेरच असणार आहे."