आधी ड्रेसिंग, मग झाडू

मावशी गेल्याची तार आली तेव्हा मी कॉलेजला निघाले होते. तार इंग्रजीत होती. सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेली मी, पण ते मोजके शब्द पुन्हा पुन्हा वाचावे लागले...

शांतामावशी, माझ्या आईची धाकटी बहीण, देहूजवळच्या एका लष्करी इस्पितळात सिस्टर होती. सुट्टीत मी तिच्या क्वार्टरवर राहायला जायची. चारचौघांत बोलणं मला जमत नसे, म्हणून ती मला वॉर्डाच्या कोपऱ्यात पट्ट्या गुंडाळायला बसवी. "तोंड चालत नाही तर हात चालव," म्हणायची.

एका वर्षी तिच्या वॉर्डात जखमा चिघळत होत्या. साताऱ्याकडचा महादू नावाचा जवान, पायाचं ऑपरेशन नीट होऊनही तापाने फणफणला होता. पाय कापावा लागेल, असं डॉक्टर हलक्या आवाजात बोलू लागले होते. बाकी सगळे मात्र निर्धास्त. पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना निघालेला, त्यामुळे जो तो म्हणे, "पेनिसिलीन आहे ना, सिस्टर!" मावशी उखडायची. "औषध आहे म्हणून घाण चालेल का रे?"

तिचा संशय वॉर्डाच्या टापटिपीवरच होता. रोज सकाळी कर्नलसाहेबांच्या फेरीआधी वॉर्ड चकाचक दिसावा म्हणून कांबळी झटकली जात, झाडू फिरे, आणि नेमक्या त्याच वेळी ड्रेसिंगसाठी जखमा उघड्या असत. खिडकीतल्या उन्हात ती धूळ तरंगताना मीही पाहिली होती. मावशीने क्रम बदलला. आधी दार लावून ड्रेसिंग, झाडलोट नंतर, तीही ओल्या फडक्याने.

एकदा साहेब लवकर आले. कांबळी चुरगळलेली, खाटांखाली कचरा, आणि मावशी महादूच्या पायाशी.

"साहेब, बाहेर थांबावं लागेल. जखम उघडी आहे," ती आतूनच म्हणाली.

"सिस्टर, फेरी माझी आहे की तुमची?"

महादू कुजबुजला, "येऊ द्या की त्यास्नी आत. माझ्यापायी तुमची बदली व्हायची."

"गप पड. बदली झाली तर दुसरं इस्पितळ मिळेल मला. तुला दुसरा पाय कुठून आणू?"

माझे हात थांबले होते. बाहेर बूट जरा वेळ वाजत राहिले, मग तेही थांबले. ड्रेसिंग संपल्यावर मावशीने दार उघडलं. साहेबांनी खाटांखाली पाहिलं, मग महादूकडे. जाताना एवढंच म्हणाले, "उद्यापासून उशिरा येतो."

महादूचा ताप हळूहळू उतरला. तो काठी टेकत, पण दोन्ही पायांवर घरी गेला. त्या संध्याकाळी मावशी स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून रडली. मी पाहिलं, ते तिलाही कळलं.

परवा तिचं सामान आणायला गेले, तेव्हा सहज वॉर्डाकडे वळले. दार लावलेलं होतं. बाहेर कुणी नवे साहेब टोपी काखेत धरून उभे होते. मी दाराला हात लावणार, तोच म्हणाले, "थांबा हं. आत ड्रेसिंग चाललंय. इथली पद्धतच आहे तशी."

ती कुणाची, ते सांगावंसं फार वाटलं... सांगितलं नाही. त्यांच्या शेजारी नुसती उभी राहिले.